प्रवासातील छायाचित्रण : भिंगाची निवड

कोणते भिंग घ्यावे याचे उत्तर दुकानात नव्हे, तर जेथे जायचे तेथील प्रकाशात शोधावे. नंदुरबार जिल्ह्यातील काठी (ता. अक्कलकुवा) येथील राजवाडी होळीचे उदाहरण घेऊ. तेथे रात्रभर नृत्य चालते आणि पहाटे होळी पेटते. म्हणजे प्रकाश अल्प, माणसे गतिमान.

एफ-अंक जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे. कॅमेऱ्यासोबत सामान्यतः मिळणारे १८-५५ मिमी भिंग ५५ मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ/१.८ हे हलके, तुलनेने स्वस्त भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. पहिल्याला १/१५ सेकंद लागेल, तेथे दुसऱ्याला १/१२५ सेकंद पुरतो. नर्तक पुसट होत नाही. फ्लॅश टाळावा, त्याने आगीचा तांबूस उजेडच हरवतो.

या भिंगाला झूम नाही. माणसाजवळ जावे लागते. मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या व्रतस्थ असतात. म्हणून आधी अनुमती घ्यावी. नकार मिळाल्यास कॅमेरा खाली ठेवावा. हाही छायाचित्रणाचाच पाठ होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तोरणमाळच्या यशवंत तलावाचे विस्तीर्ण दृश्य टिपण्यासाठी यांपैकी कोणते भिंग निवडाल? सकारण लिहा.