परदेशात शिकता शिकता शिकवणे

थर्ड इयर संपत आलं की आपल्या होस्टेलवर जीआरई, टोफेल आणि एसओपी हे तीनच विषय उरतात. एमएसला गेल्यावर काय काय करायचं याची यादीसुद्धा तयार असते. त्या यादीत मला आणखी एक गोष्ट घालावीशी वाटते : जिथे शिकायला जाल, तिथल्या शाळेत आठवड्यातून एक-दोन तास मुलांना शिकवा.

ही कल्पना जुनीच आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. मग चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकू लागल्या आणि तिथेच संस्कृत शिकवू लागल्या. एकाच ठिकाणी विद्यार्थिनीही आणि शिक्षिकाही!

पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. समारंभ आटोपला तरी त्या लगेच परतल्या नाहीत. तिथे त्यांनी किंडरगार्टनचं प्रशिक्षण घेतलं. चेंडू, लाकडी ठोकळे हाताळत मुलांनी शिकायचं, ही फ्रोबेलची पद्धत. आपलं वर्कशॉपच म्हणा ना! ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. रमाबाईंनी परदेशातून पदवी आणली नाही, शाळा कशी चालवावी हे मात्र शिकून आणलं.

आता आपल्यासाठी तीन गोष्टी.

१) व्हिसाचे नियम : विनामोबदला कामालाही नियम असतात. ब्रिटनमध्ये कराराने बांधलेलं ऐच्छिक काम आठवड्याच्या ठरलेल्या तासांत मोजलं जातं. म्हणून आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

२) पडताळणी : ब्रिटनमध्ये डीबीएस, ऑस्ट्रेलियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक. हा अपमान समजू नका, मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते हवंच.

३) सवय : ती इथेच लागते. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास द्यायचे असतात. नवी मुंबई महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या शाळा आपल्या जवळच आहेत. मुलगा सहावीत आहे म्हणून भागाकारापासून सुरुवात करू नका. त्याला वजाबाकी येते का ते आधी पाहा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. 'हातचा', 'अंश', 'छेद' हे शब्द मला इथल्या पाचवीच्या मुलांनी शिकवले. त्यांना माझ्याकडून अपूर्णांक समजले. हिशोब बरोबर!

सबमिशनचं टेन्शन कायमच असणार. तरी शनिवारचे दोन तास निघतात. नव्या टर्मला एनएसएसच्या सरांना जरूर भेटा.