पाहुण्याचा धर्म

मुलांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीतरी जण मामाच्या, मावशीच्या किंवा आत्याच्या गावी जातात. लग्नकार्याच्या निमित्ताने परक्या घरी चार दिवस राहण्याचाही प्रसंग येतो. आपल्याकडे पाहुण्याला देवाचा मान देतात. घरची मंडळी स्वतः सतरंजीवर निजतात आणि गादी पाहुण्याला देतात. हा यजमानाचा धर्म झाला. परंतु पाहुण्याचाही एक धर्म आहे. बैठकीत गोड बोलणे आणि पानात काही न टाकणे एवढ्याने तो पुरा होत नाही. जेथे आपल्याला कोणी पाहत नाही तेथे, म्हणजे न्हाणीघरात आणि संडासात, त्याची खरी परीक्षा होते.

प्रत्येक घराची रीत निराळी असते. कोठे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तर कोठे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून वापरायचे पाणी कोणते आणि कचरा कोठे टाकायचा, हे गेल्याबरोबर विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता केलेल्या चुकीचा त्रास मात्र साऱ्या घराला होतो.

सकाळच्या घाईच्या वेळी न्हाणीघर अडवून बसू नये. दुसऱ्याचा टॉवेल किंवा कंगवा घेऊ नये. स्नान झाल्यावर मोरीच्या जाळीत अडकलेले केस उचलून कागदात गुंडाळावेत व केराच्या डब्यात टाकावेत. संडासात पुरेसे पाणी ओतावे, बाहेर पडण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे आणि गरज असेल तर ब्रश फिरवावा. मग साबणाने हात स्वच्छ धुवावेत. आपल्यामागून येणाऱ्याला ती जागा आपल्याला मिळाली त्याहून स्वच्छ मिळावी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. चिंधी, कापसाचा बोळा, डायपर, मासिक पाळीच्या दिवसांत वापरलेले पॅड किंवा प्लॅस्टिकची पिशवी संडासात कधीही टाकू नये. पाणी ओतले की वस्तू दिसेनाशी होते, पण ती नाहीशी होत नाही. पॅड पाणी शोषून फुगते आणि नळाच्या वळणात अडकून बसते. अनेक मजल्यांच्या इमारतीत पुष्कळ घरांचा नळ एकच असतो. तो तुंबला की घाण पाणी खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या घरात वर येते. खेड्यातील अनेक संडासांना दोन खड्डे असतात. एक भरला की दुसरा चालू करतात आणि भरलेल्या खड्ड्यातील मळाचे कालांतराने खत होते. परंतु प्लॅस्टिक कुजत नाही, त्यामुळे ते खत बिघडते.

तुंबलेली वाट मोकळी करणारे हात बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी असतात. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मलटाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तरीही तेथील विषारी वायूने गुदमरून माणसे दगावल्याच्या वार्ता अजून येतात. आपल्या क्षणभराच्या आळसाची किंमत दुसऱ्याने अशी द्यावी काय?

मग अशा वस्तूंचे करावे काय? त्या जुन्या कागदात नीट गुंडाळाव्यात आणि घरच्यांनी सांगितलेल्या डब्यात टाकाव्यात. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांची ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था आहे. तिच्यात स्त्रियांची संख्या मोठी आहे. कचरा निवडताना वापरलेली पॅड उघडी हाती लागत, त्यामुळे किळस तर येईच, शिवाय रोगाचेही भय असे. म्हणून २०१७ साली या संस्थेने नागरिकांना विनंती केली, की असा कचरा कागदात गुंडाळावा आणि पुडक्यावर लाल ठिपका काढावा. ठिपका पाहताच आत काय आहे ते कळते आणि पुडके न उघडता बाजूला ठेवता येते. एका ठिपक्याने अनोळखी माणसाची केवढी काळजी घेतली जाते!

झाकणे आणि लपविणे यांत मोठे अंतर आहे. झाकण्यात दुसऱ्याचा विचार असतो, लपविण्यात केवळ स्वतःची भीती असते. संकोचापायी एखादी मुलगी असे पुडके खिडकीबाहेर फेकते किंवा फळीमागे दडविते. मासिक पाळी हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातील मावशींना किंवा काकूंना हळूच विचारले की त्या सर्व सांगतील. मुलांनीही अशा गोष्टींची थट्टा करू नये. डब्यातील पुडके पाहून गप्प राहणे, हीसुद्धा सभ्यताच होय.

१९०१ साली गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कलकत्त्यास गेले होते. देशभरातील प्रतिनिधी तेथे पाहुणे म्हणून उतरले होते आणि संडास अतिशय घाण झाले होते. गांधीजींनी ते स्वयंसेवकांच्या नजरेस आणले, तेव्हा हे काम आपले नव्हे, सफाई कामगाराचे आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. गांधीजींनी झाडू मागितला आणि संडास स्वतः साफ केला. गर्दी एवढी होती, की सर्व संडास स्वच्छ करणे त्यांना एकट्याला शक्य नव्हते. परंतु स्वतःच्या वापरापुरते काम त्यांनी दुसऱ्यावर टाकले नाही.

आपले गाडगे महाराजही जन्मभर गावोगावचे पाहुणेच होते. गावात शिरताच ते हातातील खराट्याने रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. १९५६ साली त्यांचे निधन झाले, तरी महाराष्ट्राला त्यांचा खराटा अजून आठवतो.

तुम्हांला कोणाचे गाव झाडायचे नाही. आपल्यामागे कोणालाही आपली घाण उचलावी लागू नये, एवढेच पाहायचे आहे. असा पाहुणा निघाला की यजमान निरोप देताना मनापासून म्हणतो, “पुन्हा या हं!”

स्वाध्याय

१. ‘झाकणे’ आणि ‘लपविणे’ यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. पुडक्यावरील लाल ठिपक्यामुळे कोणाचा त्रास कसा वाचतो?
३. तुमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला पाणी व कचरा यांविषयी काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.