रोजनिशी कशासाठी ?

(दररोजच्या घटना आणि मनातील विचार लिहून ठेवण्याची वही म्हणजे रोजनिशी. मोबाइलच्या आजच्या काळात अशा वहीची गरज उरली आहे का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. बाबर, मिर्झा गालिब, विष्णुभट गोडसे आणि अ‍ॅन फ्रँक यांच्या लेखनाची उदाहरणे देऊन लेखकाने रोजनिशीचे महत्त्व पटवून दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'रोजनिशी' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. 'रोज' म्हणजे दिवस आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हे दोन्ही फारसी शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. सुंदर अक्षर काढणाऱ्याला उर्दूत खुशनवीस म्हणतात. लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्याला अर्जीनवीस म्हणतात. हाच 'नवीस' मराठीत आला आणि फडणवीस, चिटणीस, रोजनिशी हे शब्द तयार झाले. तुम्ही ज्याला रोजनामचा म्हणता, तीच मराठीतील रोजनिशी.

पेशव्यांच्या काळात रोजनिशी हे सरकारी काम असे. कारकून रोजचे हुकूम आणि जमाखर्च तिच्यात नोंदवत असत. आज आपण मात्र दुसऱ्या प्रकारच्या रोजनिशीविषयी बोलणार आहोत. ही रोजनिशी कोणाच्या हुकमाने लिहिली जात नाही. माणूस ती स्वतःच्या इच्छेने लिहितो. दिवसभरात काय पाहिले, काय ऐकले, कशाने आनंद झाला, कशाचे वाईट वाटले, हे तो तिच्यात लिहून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, 'आता रोजनिशी कशाला हवी ? घरात मोबाइल आहे. सहलीला गेलो तर पन्नास छायाचित्रे निघतात. मित्राला काही सांगायचे असेल तर क्षणात निरोप जातो. शिवाय आम्ही काही मोठी माणसे नाही. आमचे लिहिलेले कोण वाचणार ?'

हे दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांपैकी दुसरा प्रश्न आपण आधी घेऊ.

अ‍ॅन फ्रँक नावाची एक ज्यू मुलगी हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम शहरात राहत होती. १२ जून १९४२ रोजी तिच्या तेराव्या वाढदिवसाला तिला एक वही भेट मिळाली. तिने त्या वहीला 'किटी' हे नाव दिले आणि मैत्रिणीशी बोलावे तशी ती वहीशी बोलू लागली. तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या मनातले पुढे कोणी वाचेल, असे तिलाही सुरुवातीला वाटत नव्हते. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. हॉलंड हिटलरच्या सैन्याच्या ताब्यात होता आणि ज्यू लोकांना पकडून छळछावण्यांत पाठवले जात होते. जुलै १९४२ मध्ये अ‍ॅनचे कुटुंब तिच्या वडिलांच्या कचेरीमागील खोल्यांत लपून राहू लागले. दोन वर्षांहून अधिक काळ ती माणसे बाहेर पडली नाहीत. अ‍ॅन मात्र लिहीत राहिली. आईशी झालेले भांडण, जेवणातले बटाटे, बाहेरचे बॉम्बस्फोट, मोठेपणी लेखिका होण्याची इच्छा, असे सगळे तिने लिहिले.

मार्च १९४४ मध्ये तिने रेडिओवर हॉलंडच्या एका मंत्र्याचे भाषण ऐकले. सामान्य लोकांच्या रोजनिशा आणि पत्रे युद्धानंतर गोळा केली पाहिजेत, असे ते मंत्री म्हणाले. ते ऐकून अ‍ॅनला हुरूप आला आणि तिने आपली रोजनिशी पुन्हा नीट लिहायला घेतली. ऑगस्ट १९४४ मध्ये सर्वांना पकडण्यात आले. पुढच्याच वर्षी अ‍ॅन छावणीत मरण पावली. तिचे कागद जमिनीवर विखुरले होते. कचेरीतील मीप गीस या बाईंनी ते गोळा करून न वाचता जपून ठेवले आणि युद्ध संपल्यावर अ‍ॅनच्या वडिलांच्या हाती दिले. १९४७ साली ते पुस्तकरूपाने छापले गेले. आज जगातील अनेक भाषांत ते वाचले जाते. मित्रांनो, लिहिणाऱ्याला आपला वाचक आधी ठाऊक नसतो. म्हणून 'कोण वाचणार ?' या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यापूर्वी मिळत नाही.

आता आपल्या देशातील १८५७ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या उठावाची हकिकत तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. लढाया, तारखा आणि सेनापतींची नावे तेथे मिळतात. पण त्या दिवसांत साधी माणसे कशी जगली, हे कोठून समजणार ? ते त्यांच्याच लेखनातून समजते.

आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावाचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक होते. घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, म्हणून ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि वाटेतच उठावाच्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा दिला, तेव्हा ते झाशीतच होते. शहरातील आग, लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. घरी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी हा सर्व वृत्तान्त लिहिला. १९०७ साली तो 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झाला. विष्णुभट राजे नव्हते, सरदार नव्हते. पण झाशीच्या राणीचा दिनक्रम आणि वेढ्यातील लोकांचे हाल जाणून घेण्यासाठी आजही अभ्यासक त्यांचे पुस्तक उघडतात.

त्याच काळात मिर्झा गालिब दिल्लीत आपल्या घरात अडकून पडले होते. त्यांनी त्या दिवसांची हकिकत फारसीत लिहिली. ते पुस्तक म्हणजे 'दस्तंबू'. ते १८५८ साली छापले गेले. गालिब यांनी त्याच्या प्रती मोठ्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे पाठवल्या. साहेबांची मर्जी राहावी आणि बंद पडलेले निवृत्तिवेतन पुन्हा सुरू व्हावे, असे त्यांना वाटत होते. साहजिकच या पुस्तकात त्यांनी शब्द फार जपून वापरले. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्यांचा भाऊ मिर्झा यूसुफ वारला. तो तापाने गेला, असे 'दस्तंबू'त आहे. त्या काळातील दुसऱ्या एका लेखकाने मात्र तो इंग्रज शिपायांच्या गोळीने मेला, असे नोंदवले आहे.

गालिब यांनी मित्रांना उर्दूत लिहिलेली पत्रे वाचा. तेथे ते समोर बसून गप्पा माराव्यात तसे बोलतात. उजाड झालेली दिल्ली, हरवलेले स्नेही, घरातील पैशांची ओढाताण, पावसात गळणारे छप्पर, हे सर्व त्या पत्रांत मोकळेपणाने आले आहे. लेखक तोच आणि शहरही तेच. पण एक लेखन साहेबांना दाखवण्यासाठी होते आणि दुसरे आपल्या माणसांसाठी होते. दोन्हींत किती फरक पडला, पाहा !

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाईल. मोबाइल असताना रोजनिशी कशाला ?

मोबाइलवर आपण जे लिहितो, ते बहुधा दुसऱ्यांनी पाहावे म्हणून लिहितो. किती जणांना आवडले, हे आपण लगेच पाहतो. न आवडण्याची भीती असेल, तर ते लिहीतच नाही. ईदच्या दिवशीचे हसरे छायाचित्र आपण सर्वांना पाठवतो. त्याच दिवशी आजीची आठवण येऊन आपण रडलो, हे मात्र कोणाला कळवत नाही. रोजनिशीत हे दोन्ही लिहिता येते, कारण तेथे कोणाची मर्जी राखायची नसते.

दुसरे असे की, छायाचित्रात समोरची वस्तू दिसते, पण मनातला विचार दिसत नाही. परीक्षेत कमी गुण मिळाले, तर त्याचे कारण छायाचित्र सांगणार नाही. पण चार ओळी लिहायला बसलात, तर 'मी कोठे कमी पडलो ?' असा प्रश्न आपोआप मनात येईल. बादशहा बाबरनेही आपल्या आठवणी अशाच प्रामाणिकपणे लिहिल्या. 'बाबरनामा'त त्याचे विजय आहेत, तसे पराभवही आहेत. हिंदुस्थानात आलेले खरबूज कापताना आपल्या मुलखाच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आले, हेही त्या योद्ध्याने लपवले नाही.

तिसरी गोष्ट टिकण्याची. संकेतस्थळावर ठेवलेले लेखन कायम राहते, असा आपला समज असतो. ऑर्कुट हे संकेतस्थळ एके काळी भारतातील तरुणांत फार लोकप्रिय होते. २०१४ साली ते बंद झाले. ज्यांनी आपला मजकूर वेळीच उतरवून घेतला नाही, त्यांचा मजकूर गेला. कागदही नाश पावतो, हे खरे. १५२९ साली एका रात्री वादळात बाबरचा तंबू कोसळला आणि लिहिलेली पाने भिजली. तेव्हा शेकोटी पेटवून ती पाने वाळवण्यात पहाट झाली. तरीही 'बाबरनामा'तील कित्येक वर्षांची हकिकत आज मिळत नाही. म्हणून कागद असो की मोबाइल, आपले लेखन आपणच जपले पाहिजे. तुम्हांला मोबाइलवर लिहिणे सोयीचे वाटत असेल, तर खुशाल तेथे लिहा. पण त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

आता लिहायचे कसे ? एक साधी वही घ्या. वर तारीख, वार आणि गावाचे नाव लिहा. दिवसातील एकच गोष्ट निवडा. 'आज मजा आली' एवढे लिहून थांबू नका. काय घडले, कोण काय बोलले, ते लिहा. बाजारातील कांद्याचा भाव, नळाला पाणी येण्याची वेळ, शेजारच्या कारखान्याचा भोंगा, या गोष्टी आज क्षुल्लक वाटतील. वीस वर्षांनी त्याच मोलाच्या ठरतील. ज्या भाषेत मन मोकळे होते, त्या भाषेत लिहा. उर्दूत लिहा, आणि शेवटच्या दोन ओळी मराठीत लिहून पाहा. वर्षभरात तुमचे मराठी किती सुधारले, हे तीच वही सांगेल.

एखाद्या दिवशी लिहिणे राहून गेले, तर मन खट्टू करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. रागाच्या भरात कोणाविषयी लिहिलेले असेल, तर दोन दिवसांनी ते पुन्हा वाचा आणि मग ते ठेवायचे की नाही, हे ठरवा. आणि एक नियम कधीही मोडू नका. दुसऱ्याची रोजनिशी त्याला विचारल्याशिवाय उघडू नका, मग ती सख्ख्या भावाची किंवा बहिणीची का असेना.

मित्रांनो, तुमच्या गल्लीचा, तुमच्या शाळेचा आणि तुमच्या घराचा इतिहास कोणी मोठा इतिहासकार येऊन लिहिणार नाही. तो लिहिण्याचे काम तुमच्याकडेच आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी पाच ओळी लिहा.

शब्दार्थ

परका – अनोळखी
कचेरी – कार्यालय, दफ्तर
हुरूप – उत्साह
भिक्षुक – धार्मिक विधी करून दक्षिणेवर राहणारा ब्राह्मण
दक्षिणा – धार्मिक कार्याबद्दल ब्राह्मणाला दिलेले धन
धामधूम – गडबड, गोंधळ
वेढा – शत्रूने चारी बाजूंनी घेरणे
वृत्तान्त – हकिकत
निवृत्तिवेतन – पेन्शन
उजाड – ओसाड
संकेतस्थळ – वेबसाइट
क्षुल्लक – अगदी लहान, बिनमहत्त्वाचे

वाक्प्रचार

मर्जी राखणे – दुसऱ्याला आवडेल असे वागणे
मन मोकळे होणे – मनातील सर्व सांगून हलके वाटणे
मन खट्टू होणे – नाराज होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) उर्दूत रोजनिशीला काय म्हणतात ?
(२) अ‍ॅन फ्रँकने आपल्या वहीला कोणते नाव दिले ?
(३) विष्णुभट गोडसे उत्तरेकडे कशासाठी निघाले ?
(४) बाबरची लिहिलेली पाने कशामुळे भिजली ?

प्र. २. योग्य जोड्या लावा.
'अ' गट : (१) माझा प्रवास (२) दस्तंबू (३) किटी (४) खुशनवीस
'ब' गट : (अ) अ‍ॅन फ्रँक (आ) सुंदर अक्षर काढणारा (इ) विष्णुभट गोडसे (ई) मिर्झा गालिब

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'दस्तंबू' आणि गालिब यांची पत्रे यांत कोणता फरक आहे ? तो कशामुळे पडला ?
(२) छायाचित्रातून जे समजत नाही, ते रोजनिशीतून कसे समजते ?
(३) 'रोजनिशीची आता गरज नाही,' असे तुमचा मित्र म्हणाला. तुम्ही त्याला काय सांगाल ?

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मर्जी राखणे, मन मोकळे होणे, हुरूप येणे.

प्र. ५. वचन बदला.
वही, पत्र, रोजनिशी, मुलगी, पान.

उपक्रम : (१) सलग सात दिवस रोजनिशी लिहा. त्यांतील तुम्हांला योग्य वाटेल ते एकच पान वर्गात वाचून दाखवा.
(२) 'नवीस' किंवा 'नीस' शेवटी असलेले आणखी शब्द उर्दू व मराठी शब्दकोशांतून शोधा.