खटका पडला की लगेच झाकण उघडू नकोस

पोरी, परभणीला खोली घेतलीस, विजेचा कुकरही घेतलास, बरं केलंस. पण तू पालमची. आपल्या शिवारात ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस. धान कुणी लावत नाही. भाकरी बघून बघून येते, भाताचं जरा शिकावंच लागतं. आणि आजी विज्ञानाची मास्तरीण होती, तेव्हा थोडी शाळाही सोसून घे.

आधी या डब्याला काय कळतं ते बघ. आतलं भांडं उचललंस की मधोमध एक गोल चकती दिसते, दाबली की खाली जाणारी. तिच्यात लोहचुंबक आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या आसपासच राहतो. थोडं पाणी तांदूळ पितो, थोडं वाफ होऊन जातं, आणि पाणी संपलं की तळ भराभर तापतो. शंभरीच्या थोडं वर गेला की चुंबकाची पकड सुटते आणि खटका पडतो. भात शिजला की कच्चा राहिला, हे त्याला कळायचा मार्गच नाही. पाणी संपलं, एवढंच त्याला समजतं.

१९५५ साली जपानात तोशिबानं आपोआप बंद होणारा कुकर बाजारात आणला तेव्हा चुंबकाची ही युक्ती नव्हती. दोन भांडी होती, बाहेरच्यातलं पाणी आटलं की वीज बंद. तो घडवला योशितादा मिनामी यांनी, पण घरी पुन्हा पुन्हा भात लावून बघायचं काम त्यांच्या बायकोनं, फुमिकोबाईंनी केलं. कारखान्यात खटका जमतो गं, भात जमला की नाही ते खाणाऱ्या घरातच ठरतं.

म्हणून पाणी तुझं तुलाच ठरवायचंय. कुकरसोबत जो प्लॅस्टिकचा पेला येतो तो साधारण १८० मिलीचा असतो, आपल्या चहाच्या कपाशी त्याचा संबंध नाही. तांदूळ ज्यानं मोजशील त्यानंच पाणी मोज. जुना कोलम असेल तर एकास दोन. इंद्रायणीसारखा चिकट किंवा नवा तांदूळ असेल तर एकास दीड पुरे, नाहीतर गोळा होतो. दुकानदाराला तांदूळ नवा की जुना हे विचारायला लाजू नकोस.

आता खरी गोम ऐक. मैत्रिणी जेवायला आल्या आणि चार पेले तांदूळ लावलास, तर आठ पेले पाणी घालू नकोस, सातच्या आसपास घाल. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या मापानं वाढतं. वाफ होऊन जाणारं पाणी त्या मापात वाढत नाही, कारण भांडं आणि झाकण तेच. तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी ठेवायची जुनी रीत याच हिशेबावर चालते. फक्त ती पसरट भांड्यात एक पेला तांदळाला लावशील तर पेज होईल.

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धू, पण कुकरच्या भांड्यात नको, पातेल्यात धू. आतला काळा लेप खरवडला की भात चिकटायला लागतो. त्याच कारणानं स्टीलचा चमचा, उलथणं लांब ठेव. रेशनच्या तांदळात कधी मधेच वेगळे दिसणारे दाणे निघतील, शंभरात एखादा. त्यांना प्लॅस्टिक म्हणून वेचून टाकू नकोस, त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. धुतल्यावर वीस मिनिटं भिजू दे. बोअरच्या जड पाण्यानं भात पिवळट आला तर लिंबाचे चार थेंब टाक. फेस उतू जात असेल तर अर्धा चमचा तेल.

भांडं आत ठेवण्याआधी बाहेरून कोरडं पूस. आणि चकतीवर तांदळाचा एक दाणासुद्धा राहिलेला चालत नाही. भांडं उचललं जातं, उष्णता नीट लागत नाही, खटका भलत्याच वेळी पडतो आणि आपण कुकरला शिव्या घालतो.

खटका पडल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. तळाचा भात कोरडा आणि वरचा ओला असतो, त्या दहा मिनिटांत आतली वाफ सगळीकडे बसते. मग लाकडी चमच्यानं हलक्या हातानं मोकळा कर. मधेच लाईट गेली तरी झाकण उघडू नकोस. साध्या कुकरच्या खटक्याची दांडी खालीच राहते, लाईट आली की पुढे चालू होतो. पण तासाभरात आली नाही तर तो भात गॅसवर पातेल्यात उरकून घे. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र लावू नकोस, चारशे ते सातशे वॅट खातो तो.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारपर्यंत भाताला तार सुटते. तार दिसायच्या आधीच त्यात जंतू वाढलेले असतात, आणि त्यांतल्या काहींचं विष फोडणी दिली तरी जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये ठेव, सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीचा कर.

वरणाचं मात्र या कुकरकडून फार मागू नकोस. यात दाब नसतो, शिट्टीच्या कुकरमध्ये असतो, म्हणून तिथं पाणी शंभरीच्या बरंच वर तापतं आणि तूर लोण्यासारखी शिजते. इथं तिला फार वेळ लागतो. मुगाच्या डाळीची खिचडी चालेल. ज्वारीच्या कण्याही होतात. आधी भिजव, पाणी चौपट घाल, भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस, आणि मधून ढवळत राहा. ताक घालून खा. आमटीसाठी येसर मी डब्यात भरून ठेवलाय, पुढच्या खेपेला आलीस की घेऊन जा.