तोरिनोला येणाऱ्यांसाठी: स्कीइंगच्या जुन्या सवयी मोडताना

रांजणगावच्या एमआयडीसीतून फियाटच्या कामासाठी तोरिनोला येणाऱ्यांकरिता इथल्या जुन्या मराठी घरांनी लिहून दिलेली ही माहिती.

एक इंजिनिअर

गाडी असेल तर स्कीइंगसाठी सेस्त्रिएरे गाठा. फियाटच्या आन्येल्ली घराण्याने १९३०च्या दशकात २,०३५ मीटर उंचीवर वसवलेले हे गाव. २००६च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या बहुतेक अल्पाइन शर्यती इथे झाल्या. गाडी नसेल तर रेल्वेने बार्दोनेक्कियाला जा.

दोन-तीन हिवाळे स्कीइंग शिकूनही प्रगती अडली असेल तर बहुधा तुम्ही मागे रेलता आहात. राजगड-हरिश्चंद्रगडाच्या घसाऱ्यावर टाच रोवून अंग मागे टाकायचे, हे आपल्या हाडात मुरलेले असते. स्कीवर तेच घात करते. वजन टाचेवर गेले की स्कीची टोके बर्फ धरत नाहीत, वळण लागत नाही, वेग वाढतो आणि भीतीने माणूस आणखी मागे जातो. मांड्या लवकर भरून आल्या तर हेच समजा.

सवय नुसती सुटत नाही, तिच्या जागी दुसरी बसवावी लागते, आणि ती अवघड उतारावर बसत नाही. लाल उतार सोडून निळ्यावर या. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी, हात पुढे, दिसतील असे. उतार आडवा कापताना वरच्या बाजूच्या स्कीची फक्त शेपटी उचला, टोक बर्फावरच ठेवा. उचलता येत नसेल तर वजन अजून मागे आहे. खांदे फिरवून वळायची खोड असेल तर दोन्ही काठ्या आडव्या धरा, त्या दरीकडे रोखून ठेवा आणि खाली फक्त पाय वळू द्या. दमलात की थांबा. दमलेले अंग जुनेच करते.

भाड्याचा बूट सैल घेऊ नका. बाइंडिंग लावणाऱ्याला वजन, उंची, वय खरे सांगा. पडल्यावर स्की वेळेत सुटणे त्यावरच अवलंबून असते.

एक गृहिणी

२०२२ पासून इथल्या उतारांवर विमा सक्तीचा आहे, पण तो दुसऱ्याला झालेल्या इजेचा! आपल्या गुडघ्याचा वेगळा घ्यावा लागतो, हे आपणहून कोणी सांगत नाही. ह्यांचा गुडघा दुखावल्यावर वेगळ्या विम्याच्या दाव्यासाठी आधी बचाव पथकाचा कागद मागितला, मग डॉक्टरचा, मग तोच पुन्हा मूळ प्रतीत. फोनवर दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगा. संतापाने रडू यायचे. पथकाचा कागद त्याच दिवशी हातात घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून हेल्मेट सगळ्यांना सक्तीचे आहे, मोठ्यांनासुद्धा.

एक आजोबा

माघी गणेश जयंती ऐन स्कीच्या दिवसांत येते. महागणपतीच्या गावाहून आलेल्यांनी त्या दिवशी पोरांना डोंगरावर पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी आरती हवी, मोदक हवेत, पोरांनी अथर्वशीर्ष म्हटले पाहिजे. एरवी रविवारी खुशाल जा. डब्यात थालीपीठ द्या, गार झाले तरी चालते.