नव्या घरात भेदरलेला श्वान

प्रश्न : वाड्याचे पुनर्बांधकाम निघाल्याने आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने राहावयास आलो. तेव्हापासून आमचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा पलंगाखालून निघत नाही. लिफ्टपाशी थरथरतो, एकटा राहिला की विव्हळतो. काय करावे?

उत्तर : आपले घर भिंतींचे असते, श्वानाचे गंधांचे, आणि ओटा, अंगणातील माती, शेजाऱ्यांची परिचित पावले हे सारे एका दिवसात लुप्त झाल्यावर त्या मुक्या जीवाने पलंगाखालच्या अंधाराचा आश्रय घेतला, तर तो हट्ट नसून निखळ भय आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. त्यास ओढून काढू नये. त्याचे जुने गोणपाट न धुता शांत कोपऱ्यात अंथरावे. जेवणाफिरण्याच्या वेळा पूर्वीच्याच ठेवाव्यात.

लिफ्टपासून ज्या अंतरावर तो थरथरत नाही, तेथेच उभे राहून उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा, दोन-चार दिवसांनी एकेक पाऊल पुढे सरकावे, आणि कंप दिसताच निमूट मागे यावे. तोवर जिना आहेच. एकटेपणाचा सराव अर्ध्या मिनिटापासून आरंभावा व तो विव्हळण्यापूर्वीच परतावे. गोंजारल्याने भय बळावते, हा प्रचलित समज मला मान्य नाही. तो आपण होऊन जवळ आल्यास पाठीवरून हात अवश्य फिरवावा.

दिवसभर अन्नास तोंड लावले नाही, तर पशुवैद्यास दाखविण्याची तजवीज करावी, कारण दुखणेही भयाचे रूप घेते. आणि एक सक्त ताकीद : गळपट्ट्यावर नवा पत्ता व दूरध्वनी क्रमांक आजच लावा, दार उघडे सापडताच असे श्वान जुन्या घराच्या शोधात निघतात.