तो पोरगा शाळेत आला का?

मन्नाएखेळ्ळी

चि. बाळ,

काल हुमनाबादहून येताना बसमध्ये तुझ्या शाळेकडचा एक पालक भेटला. म्हणाला, तुमच्या पुतण्यानं बंजारा तांड्यावरच्या पोराला इतिहासाच्या अख्ख्या तासाला उभं ठेवलं, उत्तर लिहिता आलं नाही म्हणून. खोटं असेल तर कळव. पण आधी एवढंच सांग, दुसऱ्या दिवशी तो आला का?

तुझ्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, आणि तांड्यावरच्या या पोराच्या घरी गोरमाटी. आपली आजी रागवायची कन्नडात, लाड करायची मराठीत, विसरलास? अरे, याच पोराचे पूर्वज बैलांच्या लदेणीवरून मोगलांच्या फौजांना दख्खनेत धान्य पोचवत होते. त्याला विचार, तुझा आजा काय सांगतो? तो सांगेल, शेजारचा लिहून घेईल, गुण दोघांना दे. बिदरला सहल नेशील तेव्हा महमूद गवानच्या मदरशापुढं नुसतं १४७२ हे साल घोकून घेऊ नकोस. बिदरीच्या कारागिराकडं ने. किल्ल्यातली माती लावली की जस्ताचं भांडं काळं पडतं आणि चांदी तशीच चमकत राहते, हे पाहिलेलं पोर कुठल्याही भाषेत सांगेल. पण त्यासाठी पोर वर्गात हवं ना!

मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? माझ्याही वर्गात एक होता. हैदराबाद मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८ मी शिकवत असताना तो उठला आणि रझाकारांच्या दिवसांत त्याची आजी ज्वारीच्या कणगीत कशी लपली ते सांगू लागला. वर्ग चिडीचूप. वार्षिक परीक्षेत मात्र कोरा पेपर. मी लाल शाईनं शून्य दिलं, वर दोनदा अधोरेखित केलं. जूनमध्ये तो आला नाही, आणि मी चौकशीही केली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी हायवेवरच्या टपरीत भेटला. 'गुरुजी' म्हणाला, चहाचे पैसे घेईना.

असो. फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. भरगच्च वर्ग, हातात एक खडू, वर पोर्शन संपवायची घाई. मला ठाऊक आहे सगळं. काकूनं शेंगांची चटणी कुटलीय, दोन डबे पाठवतोय. एक तुझा. दुसरा मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत बसून खा. आला नसेल तर रविवारी तांड्यावर जाऊ. गुडघे दुखतात, पण तू बोलावलंस तर मी येईन.

तुझा काका